जुना कॅमेरा विकणे आहे!

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी लिलाव पाहिला आहे? सिनेमातला नव्हे, खराखुरा! नाशिक जिल्ह्यातल्या मुलांचे हात लगेच वर गेले असतील. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या असतात. व्यापारी एका ट्रॉलीपाशी येतात, कांदा हातात घेतात, दाबून बघतात, साल चोळून बघतात, मग बोली सुरू होते. मुंबईच्या मुलांनी ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव पाहिला असेल. तिथेही तेच. मासा उचलायचा, कल्ला उघडून लाल आहे का बघायचं आणि मगच भाव बोलायचा.

म्हणजे बघा, लिलावात तोंडाच्या आधी हात बोलतो.

आता मी तुम्हांला एक कोडं घालते. घेणारा आहे नागपुरात, वस्तू आहे सातारा जिल्ह्यातल्या एका गावात. घेणाऱ्याला वस्तू उचलता येत नाही, दाबता येत नाही, हलवून आवाज ऐकता येत नाही. तरी त्याने बोली लावायची आहे. मग त्याने भरवसा ठेवायचा कशावर?

उत्तर सोपं आहे. विकणाऱ्याने संगणकाच्या पडद्यावर जे पान मांडलेलं असतं, त्याच्यावर. त्या पानात एक शीर्षक असतं, काही फोटो असतात आणि चार ओळी मजकूर असतो. बस्स! हे पान कसं मांडायचं, याचे धडे मला माझ्या काकांच्या एका जुन्या कॅमेऱ्याने दिले. त्यातला एक धडा बराच महागात पडला. तो मी लपवणार नाही, सांगणार आहे.

पण आधी थोडी माहिती. संगणकावरच्या लिलावाचं सगळ्यांत गाजलेलं नाव म्हणजे ‘ईबे’. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पिअर ओमिड्यार नावाच्या २८ वर्षांच्या संगणक-प्रोग्रॅमरने सप्टेंबर १९९५ मध्ये ते सुरू केलं. तेव्हा त्याचं नाव होतं ‘ऑक्शनवेब’. तिथे सुरुवातीला विकली गेलेली वस्तू कोणती होती, ओळखा पाहू! एक लेझर पॉइंटर. फळ्यावर लाल ठिपका पाडतो ना, तो. आणि गंमत म्हणजे तो बिघडलेला होता. ओमिड्यारने तो बिघडलेला आहे असं सरळ लिहूनच मांडला होता, आणि तो १४ डॉलर ८३ सेंटना गेला! ओमिड्यारलाच नवल वाटलं. त्याने घेणाऱ्याला विचारलं, ‘अहो, हा चालत नाही, हे कळलंय ना तुम्हांला?’ तर कळलं की त्या गृहस्थांना बिघडलेले लेझर पॉइंटर जमवण्याचाच छंद होता.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

काकांच्या दोन पेट्या

माझ्या काकांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, मुंज, लग्नं, शाळेचे वर्गाचे फोटो, सगळं काकाच काढत. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, त्यात कॅमेरा आला आणि २०१० मध्ये काकांनी स्टुडिओला कुलूप लावलं. सामानाच्या दोन पत्र्याच्या पेट्या घरी माळ्यावर गेल्या.

२०१२ मध्ये मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. फी भरायची होती. बाबांचा हात तेव्हा अडचणीत होता. काका म्हणाले, “त्या पेट्यांतलं काही विकलं जातंय का बघ. आलेले पैसे तुझ्या फीला.” भंगारवाल्याला बोलावलं, तर तो दोन्ही पेट्यांचे मिळून दीडशे रुपये म्हणाला. तेसुद्धा वजनावर! काकूने त्याला चहासुद्धा न देता परत पाठवलं.

त्या काळात भारतातही लिलावाच्या साइट चालू होत्या. आमच्या चुलतदादाने काकांच्या नावाने एका साइटवर खातं उघडलं आणि मला म्हणाला, “तूच मांड. तुझं अक्षर चांगलं आहे.” संगणकावर अक्षराचा काय संबंध, म्हणा! पण मी खूश झाले. पेटीतून अग्फा कंपनीचा ‘क्लिक-थ्री’ कॅमेरा काढला. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना हा कॅमेरा नक्की आठवेल. काळा, चौकोनी, साधा. १२० नंबरचा रोल घालायचा, त्यावर बारा चौकोनी फोटो निघत. उन्हासाठी आणि ढगाळ हवेसाठी छोटी चिन्हं, ती फिरवायची की झालं.

मी कॅमेरा काकूच्या फुलाफुलांच्या चादरीवर ठेवला, रात्री ट्यूबलाइटखाली मोबाइलने एक फोटो काढला आणि नेट कॅफेत जाऊन पान तयार केलं. साइटवर सगळं इंग्रजीत लिहावं लागे. तुमच्यासाठी मराठीत सांगते. शीर्षक होतं: ‘जुना कॅमेरा विकणे आहे!!! अतिशय सुंदर!!!’ मजकूर: ‘एकदम छान स्थितीत. त्वरा करा.’ सुरुवातीची किंमत: १५०० रुपये.

सात दिवस लिलाव चालला. बोली लागल्या शून्य. पान उघडून बघणारे होते सहाजण. त्यातली तीन वेळा तर मीच होते.

आजोबा काय टाइप करतील?

दादाने मला एकच प्रश्न विचारला. “समज, तुला हाच कॅमेरा विकत घ्यायचाय. तू शोधायच्या चौकोनात काय लिहिशील? ‘अतिशय सुंदर’ लिहिशील?”

मी गप्प!

मित्रांनो, बाजारात आपण दुकानांसमोरून चालत जातो, तेव्हा नजर कुठेही पडते. साइटवर असं होत नाही. तिथे लाखो वस्तू असतात आणि माणूस शोधताना शब्द टाइप करतो. तो शब्द तुमच्या शीर्षकात नसेल, तर तुमची वस्तू त्याच्यापुढे येतच नाही. म्हणून शीर्षकातला एकेक शब्द मोलाचा. ईबेवर शीर्षकाला जास्तीत जास्त ८० अक्षरं मिळतात, मधल्या मोकळ्या जागा धरून. त्यात ‘सुंदर’, ‘त्वरा करा’ आणि उद्गारचिन्हांची रांग घालणं म्हणजे दप्तरात दगड भरून शाळेला जाण्यासारखं आहे.

मग आम्ही लिहिलं: ‘अग्फा क्लिक-थ्री बॉक्स कॅमेरा, १२० फिल्म, चामडी केससह, शटर चालू’. कंपनी, नमुना, प्रकार, कोणता रोल लागतो, सोबत काय मिळतं, चालतो का. सगळं आलं! कॅमेरे जमवणारा माणूस यातलाच एखादा शब्द टाइप करणार.

शुद्धलेखनाचंही तसंच. तुम्ही वहीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलात तर बाई लाल शाईने गोल करतात, फार तर एक गुण जातो. इथे एक अक्षर चुकलं तर वस्तूच हरवते. कंपनीचं नाव चुकीचं लिहिलं, की बरोबर नाव शोधणाऱ्याला ती दिसत नाही. काही हुशार मंडळी तर मुद्दाम चुकीची स्पेलिंगं टाइप करून बघतात. का? अशा वस्तूवर दुसरा कुणी बोली लावायला आलेला नसतो, मग ती स्वस्तात पदरात पडते. माझ्या वर्गात मी हे सांगितल्यापासून शुद्धलेखनाला जरा बरे दिवस आले आहेत!

काका रागावले

माझा फोटो काकांनी पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. “अगं, तीस वर्षं मी लोकांचे फोटो काढले, आणि माझ्या कॅमेऱ्याचा असा फोटो?” त्यात चादरीची फुलं कॅमेऱ्यापेक्षा ठळक होती. काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा होता. आणि सगळाच हललेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ओसरीच्या खिडकीपाशी टेबल लावलं. त्यावर पांढरा धुतलेला पंचा अंथरला, त्याचं मागचं टोक भिंतीला खिळ्याने वर टांगलं. त्यामुळे टेबल आणि भिंत यांच्यामधली रेघच नाहीशी झाली. ऊन थेट येत होतं, म्हणून खिडकीला पातळ कागद चिकटवला. “ऊन नको, उजेड पाहिजे,” ते म्हणाले. “उन्हात सावल्या काळ्याकुट्ट पडतात.” कॅमेऱ्याच्या ज्या बाजूला खिडकी नव्हती, तिथे काकूची पांढरी पाटी उभी केली. तिच्यावरून उजेड उलटून आला आणि काळी बाजूही दिसायला लागली. फ्लॅश मारायचा नाही, कारण चकाकणाऱ्या वस्तूवर त्याचा डाग पडतो. हात हलू नये म्हणून दादाचा डिजिटल कॅमेरा उशीवर टेकवून ठेवला.

मग एकेक फोटो. समोरून, मागून, दोन्ही कडांनी, वरून, आतून. भिंगाचा अगदी जवळून. शेजारी पट्टी ठेवून एक, म्हणजे आकार कळेल. चामडी केस वेगळी, तिच्या उसवलेल्या शिवणीसकट. मी म्हटलं, “काका, एवढे कशाला?” ते म्हणाले, “दुकानात गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन फिरवतं ना? त्याच्या हाताला जेवढ्या बाजू लागतील, तेवढे फोटो.”

आता ईबेवर एका वस्तूचे २४ फोटो लावता येतात. फोटोची लांब बाजू निदान ५०० पिक्सेल असली पाहिजे, फोटोवर शब्द लिहायचे नाहीत, भोवती नक्षीची चौकट करायची नाही, असे नियमच आहेत. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी केलं ते बरोबर तसंच. ग्रेगरी लुईस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने ईबेवर विकल्या जाणाऱ्या जुन्या मोटारींचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. विकणारा किती फोटो दाखवतो आणि मजकुरात काय काय सांगतो, याचा मोटारीला मिळणाऱ्या किमतीवर मोठा परिणाम होतो, असं त्यात दिसलं.

मजकूर आम्ही छोट्या छोट्या ओळींत लिहिला. रंगीत अक्षरं नाहीत, नाचणारी चित्रं नाहीत. (त्या वेळी बरेचजण पानावर चमचमणारे तारे लावत. वाचताना डोळे दुखत!) कॅमेरा कुणाचा, किती वर्षांचा, शेवटचा रोल कधी घातला होता, कुरिअरचा खर्च किती आणि वस्तू कशात बांधून पाठवणार, एवढंच.

नव्व्याण्णव रुपये?

किंमत ठरवताना मात्र घरात भांडण झालं. दादा म्हणाला, ९९ रुपयांपासून सुरू करू. काकू म्हणाली, “आणि नव्व्याण्णवलाच गेला तर?” तिची भीती खोटी नव्हती. त्यासाठी बोली कशी चालते ते समजून घ्यायला हवं.

समजा, तुम्ही मनाशी ठरवलं की मी ५०० पर्यंत जाईन. तुम्ही ५०० हा आकडा साइटला सांगून ठेवता. पण साइट तो कुणाला दाखवत नाही. ती तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली लावते. दुसऱ्याने ३०० सांगितले, तर साइट तुमची बोली ३०० च्या एक पायरी वर, समजा ३१० वर नेते. तिसरा कुणी आलाच नाही, तर तुम्हांला वस्तू ३१० ला मिळते, ५०० ला नाही. म्हणजे शेवटची किंमत ठरते दोन नंबरच्या माणसामुळे! एकटाच माणूस आला, तर त्याने मनात हजार धरले असले तरी वस्तू ९९ ला जाणार. म्हणून विकणाऱ्याची खरी धडपड असते ती निदान दोन माणसं आणण्याची.

कमी किमतीने सुरुवात केली की जास्त माणसं थांबून बघतात, बोली लावतात, आणि बोली वाढलेली बघून आणखी काहीजण येतात. जिलियन कू, अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि कीथ मर्निघन या तीन संशोधकांनी २००६ मध्ये हे दाखवून दिलं. पण त्यांनी आणखीही एक गोष्ट दाखवली. माणसांचा रस्ताच अडलेला असेल, उदाहरणार्थ नावाचं स्पेलिंगच चुकलं असेल, तर कमी किमतीचा फायदा होत नाही. किंमत कमीच राहते. म्हणजे काकूही बरोबर आणि दादाही बरोबर!

आम्ही ९९ ठेवले. लिलाव रविवारी रात्री संपेल असा लावला, कारण बरीच बोली शेवटच्या काही मिनिटांत लागते आणि तेव्हा लोक घरी असायला हवेत. त्या रात्री आम्ही सगळे नेट कॅफेत. काकासुद्धा! चार माणसांच्या नऊ बोली लागल्या. कॅमेरा ७१० रुपयांना गेला. काकांनी कॅफेवाल्यालाही पेढा दिला.

न लावलेला एक फोटो

आता तो महागाचा धडा.

काकांनी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूचाही फोटो काढला होता, हे तुमच्या लक्षात असेल. त्या बाजूला एक लहान लाल खिडकी असते. रोलवरचा आकडा तिच्यातून दिसतो, म्हणजे कितवा फोटो ते कळतं. त्या लाल काचेला केसाएवढी चीर होती. काकांच्या ते ध्यानात आलं नव्हतं, त्यांची नजर आता अधू झाली होती. पण फोटो मोठा करून बघताना मला ती दिसली. नीट दिसली.

मी तो एक फोटो लावला नाही. बाकी सगळे लावले. मजकुरात खोटं असं एक अक्षरही लिहिलं नाही. फक्त मागच्या बाजूविषयी गप्प राहिले. फीची तारीख जवळ आली होती आणि मला वाटलं, एवढ्याशा चिरेने काय होतंय?

तीन आठवड्यांनी नागपूरच्या त्या गृहस्थांचं पत्र आलं. शांत शब्दांत लिहिलेलं. त्यांनी हौसेने रोल आणून घातला होता. त्यांच्या आईच्या पंच्याहत्तरीचे फोटो त्यांना त्याच जातीच्या कॅमेऱ्याने काढायचे होते, जसे त्यांच्या वडिलांनी पूर्वी काढले होते. रोल धुऊन आला, तर बाराच्या बारा फोटोंवर पांढरा ओघळ. चिरेतून आत उजेड शिरला होता. पैसे परत करा असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. ‘मागची बाजू दाखवली असती तर बरं झालं असतं,’ एवढंच एक वाक्य होतं. आणि साइटवर त्यांनी काकांच्या नावापुढे नापसंतीची लाल खूण केली होती.

पत्र काकांनी वाचलं. मग मला विचारलं, “तो फोटो कुठे गेला?” मी खरं सांगितलं. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं मला तेव्हा वाटलं. त्यांनी ७१० रुपये, कुरिअरचे दोन्ही बाजूंचे पैसे, रोलची किंमत आणि धुण्याचा खर्च, सगळं मनिऑर्डरने पाठवलं. फीला पैसे कमी पडले ते आईने बचत गटातून उचलले. पण पंच्याहत्तरीचा दिवस पुन्हा कुठून आणणार?

ती लाल खूण साधी नव्हती, बरं का! साइटवर माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून घेणारे-विकणारे एकमेकांविषयी शेरा लिहितात. ईबेने ही पद्धत १९९६ मध्ये सुरू केली. त्या शेऱ्यांची किंमत किती, याचा एक छान प्रयोग पॉल रेझनिक आणि त्यांच्या सोबत्यांनी केला होता. जुन्या पोस्टकार्डांच्या सारख्या जोड्या घेतल्या. एक कार्ड विकलं चांगले शेरे मिळवलेल्या जुन्या विक्रेत्याच्या नावाने, दुसरं तसंच कार्ड अगदी नव्या नावाने. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: जुन्या नावाला सरासरी ८.१ टक्के जास्त पैसे मिळाले. कार्डं तशीच, विकणाराही खरं तर तोच!

आमच्या पुढच्या वस्तूला लोक बोली लावण्याआधी प्रश्न विचारू लागले. ‘मागची बाजू कशी आहे?’ ‘काही सांगायचं राहिलंय का?’ जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक लेख लिहिला होता. त्यांच्या कामाला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. त्यातला एक मुद्दा असा: घेणाऱ्याला चांगली आणि वाईट वस्तू वेगळी ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच कमी भाव देतो. मग चांगली वस्तू असलेला माणूस बाजारात यायचंच सोडून देतो. डी.एड.ला असताना मला हे नाव माहीत नव्हतं. अनुभव मात्र आला होता.

कॅमेरा परत आला. या वेळी मी मागच्या बाजूचा फोटो पहिल्या तिघांत लावला. चिरेकडे बोट दाखवणारी काडीपेटीची काडी ठेवून! मजकुराची पहिलीच ओळ लिहिली: ‘मागच्या लाल काचेला चीर आहे. रोल घातल्यास फोटो खराब होतील. काच बदलावी लागेल.’ बोली कमी लागल्या. कॅमेरा ५४० रुपयांना गेला, म्हणजे १७० रुपये कमी. पण घेणारे होते कॅमेरे दुरुस्त करणारे एक कारागीर. आठवतोय ना तो बिघडलेला लेझर पॉइंटर?

गोष्ट चालते, थाप चालत नाही

आता कुणी म्हणेल, बाई, मग मजकूर अगदी रुक्ष लिहायचा का? मुळीच नाही! २००९ मध्ये अमेरिकेत रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन या दोघांनी एक गमतीचा उद्योग केला. जुन्या बाजारातून अगदी टाकाऊ शोभेच्या शंभर वस्तू आणल्या. सगळ्यांची मिळून किंमत होती १२८ डॉलर ७४ सेंट. मग वेगवेगळ्या लेखकांकडून एकेका वस्तूवर गोष्ट लिहून घेतली आणि ती गोष्ट वर्णनाच्या जागी छापून वस्तू ईबेवर लिलावाला मांडल्या. आले किती? ३,६१२ डॉलर ५१ सेंट! आणि गोष्ट काल्पनिक आहे, अमक्या लेखकाने रचली आहे, हे त्यांनी लपवलं नव्हतं. लोकांनी जाणूनबुजून गोष्टीचे पैसे दिले.

याच्या उलट, खुद्द ईबे कंपनीविषयी एक गोष्ट बरीच वर्षं सांगितली जायची. ओमिड्यारच्या होणाऱ्या बायकोला ‘पेझ’ गोळ्यांच्या डब्या जमवायच्या होत्या, म्हणून त्याने ही साइट काढली, अशी. पुढे २००२ मध्ये अ‍ॅडम कोहेन यांच्या पुस्तकातून कळलं की ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती. मला तरी हे वाचून वाईट वाटलं. लेझर पॉइंटरची खरी गोष्ट काय कमी छान होती?

आमच्या पेटीतला एन्लार्जर मांडताना काकांनी स्वतः चार ओळी सांगितल्या. गावातल्या शाळेचे सतरा वर्षांचे वर्गफोटो या यंत्राखाली मोठे झाले, दहावीच्या निकालानंतर रात्र रात्र जागून ओळखपत्राचे फोटो काढले, असं काही. सगळं खरं. तो एका कॉलेजच्या शिक्षकांनी घेतला, आणि काकांना फोन करून त्या सतरा वर्षांविषयी अर्धा तास विचारत बसले.

आई-बाबांसाठी दोन शब्द. आम्ही वापरली ती साइट आता बंद आहे. ईबेची भारतातली साइटही २०१८ मध्ये बंद झाली. भारतातले विक्रेते ईबेवरून परदेशात माल विकतात, तेवढंच. आता जुनं सामान विकायची ॲप आहेत, पण तिथे बहुधा लिलाव नसतो, घासाघीस असते. मुलांना एकट्याने तिथे सोडू नका. खातं मोठ्यांच्या नावाचं, फोनही मोठ्यांचाच. फोटोत घरचा पत्ता, शाळेचं नाव, मुलांचे चेहरे येऊ देऊ नका. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणाऱ्यापासून सावध! पैसे मिळण्यासाठी आपल्याला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक खेळ. आमच्या शाळेत आनंद बाजाराच्या आधी आम्ही हा खेळतो. घरातली एक जुनी वस्तू निवडा. कंदील, अडकित्ता, आजीचा स्टोव्ह, काहीही. तिचं शीर्षक लिहा, ८० अक्षरांत, मोकळ्या जागाही मोजायच्या. खाली पाच ओळींचं वर्णन लिहा. मग कागद मित्राला द्या. वस्तू मात्र दाखवायची नाही! त्याने तो वाचून वस्तूचं चित्र काढायचं. चित्र आणि वस्तू शेजारी शेजारी ठेवा आणि बघा, काय काय सांगायचं राहिलं ते. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने आजोबांच्या छत्रीचं वर्णन इतकं नेमकं लिहिलं होतं, की मित्राने चित्रात छत्रीची मोडलेली तिसरी काडीसुद्धा बरोबर काढली.